भाऊंचा फोन, रुळांवरची गर्दी आणि एक पेढा

२३ सप्टेंबर २०२४, सोमवार. त्या दिवशी मी घरूनच काम करत होतो. संध्याकाळी कुठल्यातरी सर्व्हरचे लॉग चाळत बसलो होतो, तेवढ्यात बेल वाजली. दारात शेजारचे काका, हातात मिठाईचा पुडा. "बातमी बघितलीस का? घे, तोंड गोड कर." मी बातमी बघितली होती. पेढा घेतला. खाल्ला पण. मागून माझी आठ वर्षांची मुलगी आली, तिनेही एक घेतला आणि विचारलं, "आजोबा, कुणाचा वाढदिवस आहे?"

काका हसले. मीही हसलो. उत्तर दोघांनीही दिलं नाही.

त्या प्रश्नावर लिहायचं म्हणून कितीतरी वीकांत आले आणि गेले. दरवेळी शनिवारी चहा घेऊन बसायचं आणि दुसऱ्याच सोप्या विषयावर लिहून मोकळं व्हायचं. आज ठरवूनच बसलोय. लेख मोठा होणार आहे, आणि थोडा कडूही. आधीच सांगून ठेवतो.

बातमी काय होती ते तुम्हाला आठवत असेलच. बदलापुरातल्या एका शाळेत ऑगस्ट २०२४ मध्ये बालवाडीतल्या दोन लहान मुलींवर लैंगिक अत्याचार झाले. त्या प्रकरणातला आरोपी, शाळेतलाच सफाई कर्मचारी, पोलिसांच्या गाडीतून नेला जात असताना मुंब्रा बायपासजवळ गोळी लागून मेला. त्याने पोलिसाचं पिस्तूल हिसकावून गोळीबार केला म्हणून स्वसंरक्षणासाठी गोळी झाडली, असं पोलिसांनी सांगितलं. त्या रात्री बदलापुरात फटाके वाजले. मुंबईत 'बदला पूरा' असे फलक लागले. आमच्या गावाच्या नावावर झालेला तो पहिला विनोद नव्हता, पण सगळ्यात भयंकर तोच.

आता या पेढ्यापर्यंत आपण कसे पोचलो ते बघायचं तर मला माझ्याच मोटारसायकलपासून सुरुवात करावी लागेल. हसू नका, संबंध आहे.

२००६ साल. तेव्हा आम्ही अंबरनाथला राहायचो. माझी सेकंडहँड मोटारसायकल स्टेशनबाहेरून चोरीला गेली. विम्यासाठी एफआयआर हवा. इथल्याच एका पोलीस ठाण्यात गेलो (कुठल्या ते सांगत नाही). "दोन दिवस शोधा, मित्रानेच नेली असेल." दोन दिवसांनी गेलो तर "साहेब बंदोबस्ताला गेलेत." मग "आज लिहिणारा नाही." असे तीन आठवडे गेले. शेवटी बाबांचे एक मित्र म्हणाले, "अरे, असं नसतं. चल माझ्याबरोबर." त्यांनी मला एका भाऊंच्या ऑफिसात नेलं. ऑफिस म्हणजे गणेश मंडळाचीच खोली. प्लास्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात कॅरमबोर्ड, भिंतीवर नेत्यांचे फोटो. भाऊंनी माझं नाव विचारलं, वडील कुठे कामाला ते विचारलं, आणि फोन लावला. "साहेब, आपलाच पोरगा आहे. पाठवतो." बस्स. अर्ध्या तासात एफआयआरची प्रत माझ्या हातात होती. शिवाय ठाण्यात चहा मिळाला तो वेगळाच.

भाऊंनी एक पैसा घेतला नाही. "लक्षात ठेवा आम्हाला" एवढंच म्हणाले. आम्ही ठेवलं. घरात चार मतं होती. पुढची कितीतरी वर्षं त्यांच्या मंडळाची वर्गणी मागायला पोरं आली की मी आकडा न बघता देत असे. आणि भाऊंच्या पोरांनी एकदा समोरच्या टपरीवाल्याला भर रस्त्यात बदडलं तेव्हा मी गॅलरीतून आत आलो आणि दार लावून घेतलं. आपलीच माणसं होती ना!

हे सांगायला बरं वाटत नाही. पण इथून पुढे मी जे लिहिणार आहे त्यात 'ते लोक' असा शब्द वापरायचा अधिकार मला नाही, एवढं तुम्हाला कळावं म्हणून सांगितलं.

*

मिलिशिया हा शब्द आपण बातम्यांत ऐकतो तो लेबनॉन, लिबिया अशा दूरच्या देशांबद्दल. सरकारचा गणवेश नाही, पण हातात बंदूक आहे आणि वस्तीवर हुकूम चालतो अशी माणसं. आपल्याकडे असं काही नाही बुवा, असं म्हणून आपण चॅनेल बदलतो. आता उल्हासनगर म्हणजे काही बैरूत नव्हे, हे मलाही मान्य आहे. पण कल्याण ते बदलापूर या पट्ट्यात वाढलेल्या माझ्या वयाच्या माणसाने छातीवर हात ठेवून सांगावं, की १९९० च्या आसपास उल्हासनगरात हुकूम कुणाचा चालत होता?

या गावाचा जन्मच मुळी हिंसाचारातून पळालेल्या माणसांपासून झाला. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथल्या बराकींमध्ये ठेवलं. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते कोनशिला बसली आणि कल्याण कॅम्पचं उल्हासनगर झालं. आजही लोक पत्ता सांगताना कॅम्प नंबरच सांगतात. एका बराकीत कित्येक कुटुंबं, मध्ये गोणपाटाचे पडदे, आणि तिथून या लोकांनी जीन्सचा, फर्निचरचा, कशाकशाचा व्यापार उभा केला. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन हा विनोद आपण सगळ्यांनी केलाय. त्यामागची मेहनत किती जणांनी बघितली?

पण एक गोष्ट मागे राहिली. कागद. बराकीला खोली जोडली, खोलीवर मजला चढला, मजल्यांची इमारत झाली आणि मालकीचा, परवानगीचा कागद कधी पुरा झालाच नाही. २००० च्या दशकात मुंबई उच्च न्यायालयात ८५५ बेकायदा इमारतींचं प्रकरण गाजलं, पाडायचे आदेश झाले, आणि शेवटी २००६ मध्ये सरकारला एकट्या उल्हासनगरसाठी बांधकामं नियमित करायचा वेगळा कायदा करावा लागला. एका शहरासाठी एक कायदा! आता विचार करा, ज्याच्या डोक्यावरचं छप्परच बेकायदा आहे तो माणूस कुठल्याही सरकारी टेबलापुढे ताठ मानेने उभा राहील का? त्याला मधे कुणीतरी लागणारच. नगरपालिकेत ओळख असलेलं, पोलिसांत ओळख असलेलं, आणि वेळ पडली तर हातपाय तोडणारं.

दादा आभाळातून पडत नाही. टेबल आणि माणूस यांच्यामधल्या मोकळ्या जागेत तो खुर्ची टाकून बसतो.

ती खुर्ची किती मोठी होऊ शकते ते उल्हासनगरने बघितलं. पप्पू कलानी १९८६ मध्ये नगराध्यक्ष झाले, १९९० मध्ये आमदार. २७ फेब्रुवारी १९९० ला, विधानसभेच्या मतदानाच्याच दिवशी, घनश्याम भटिजा यांचा खून झाला. त्यांचा भाऊ इंदर हा त्या खुनाचा साक्षीदार. त्याला पोलीस संरक्षण होतं. २८ एप्रिलला, म्हणजे दोन महिन्यांत, त्यालाही गोळ्या घातल्या. संरक्षण असताना! इंदर भटिजा खून प्रकरणात कलानींना जन्मठेप झाली ती डिसेंबर २०१३ मध्ये. तेवीस वर्षांनी. मधल्या काळात काय झालं? १९९५ आणि १९९९ अशा दोन निवडणुका ते तुरुंगातून जिंकले. २०१४ मध्ये त्यांच्या पत्नी आमदार झाल्या.

आम्ही दादर-पार्ल्याच्या नातेवाइकांकडे गेलो की ते विचारायचे, "अरे, लोक अशांना मतं देतात तरी कशी?" मला तेव्हा उत्तर यायचं नाही. मोटारसायकलनंतर यायला लागलं. ज्या कामाला सरकार तेवीस वर्षं लावतं ते काम एका फोनवर करून देणारा माणूस हा मतदाराला गुंड दिसत नाही. खिडकी दिसतो. ऑफिसातली एकमेव उघडी खिडकी. ती कुणाच्या रक्ताने रंगवलीय ते बघायची ताकद रांगेत उभ्या असलेल्या माणसात उरलेली नसते.

आणि हे सगळं जुनं झालं असं म्हणू नका. नोव्हेंबर २०२२ मध्ये अंबरनाथला बैलगाडा शर्यतीच्या वादातून भर दिवसा गोळीबार झाला. २ फेब्रुवारी २०२४ ला रात्री उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकांच्या केबिनमध्ये, गोळ्या झाडल्या गेल्या. जखमी झाले ते शिवसेनेचे कल्याण शहरप्रमुख महेश गायकवाड. गोळीबाराच्या आरोपाखाली अटक झाली ती कल्याण पूर्वेचे तेव्हाचे भाजप आमदार गणपत गायकवाड यांना. दोघेही तेव्हा सत्तेत एकत्र असलेल्या पक्षांचे. वाद जमिनीचा. अटकेआधी आमदारांनी वृत्तवाहिनीला फोनवर सांगितलं की होय, गोळ्या मीच झाडल्या, स्वसंरक्षणासाठी. न्यायालय काय ते ठरवील. मला त्यात एकच गोष्ट दिसते. जिथे जाऊन सामान्य माणसाने सांगायचं असतं की "मला वाचवा", त्याच खोलीत कायदे करणाऱ्या माणसाला स्वतःचं रक्षण स्वतःच्या पिस्तुलाने करावंसं वाटलं. मग तुमचं-माझं काय?

*

आता बदलापूर.

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. बदलापूर म्हणजे ज्यांना अंबरनाथ परवडेनासं झालं त्यांचं गाव. मीही त्यातलाच. सकाळी अंधारात लोकल पकडायची आणि रात्री मुलं झोपल्यावर घरी यायचं. शाळा हीच आमची पाळणाघरं, शाळा हेच आमचे आजीआजोबा. म्हणून त्या बातमीने जे झालं ते साधं 'संतापाची लाट' वगैरे नव्हतं. प्रत्येक घरात आई-बापांनी एकमेकांकडे बघितलं आणि आपण मुलांना कुणाच्या भरवशावर सोडून जातो ते पहिल्यांदा मोजलं.

अत्याचार १२ आणि १३ ऑगस्टचे. गुन्हा नोंदला गेला १६ तारखेला रात्री, आणि त्यासाठी एका मुलीच्या पालकांना पोलीस ठाण्यात सुमारे बारा तास ताटकळत ठेवलं गेलं, असं तेव्हा सगळीकडे छापून आलं. १७ ला अटक झाली. २० ऑगस्ट, मंगळवार, सकाळी लोक शाळेबाहेर जमले आणि तिथून रुळांवर.

मी तिथे होतो. ऑफिसला निघालेलो, पाठीवर लॅपटॉपची बॅग. गाड्या बंद झाल्यावर मीही खाली उतरलो. "फाशी द्या, फाशी द्या" असं तीन-चारदा ओरडलो. खरं सांगू? बरं वाटलं. इतक्या वर्षांत त्या स्टेशनवर फक्त धक्के खाल्ले होते, पहिल्यांदाच शेजारचा माणूस आपल्या बाजूचा वाटला. अकराच्या सुमाराला बायकोचा फोन आला, "घरी ये, पोरगी घाबरलीय." मी घरी आलो. नंतरचं टीव्हीवर बघितलं. शाळेची तोडफोड, मंत्री समजवायला आले ते, दगड, आणि संध्याकाळी लाठीमार. जवळजवळ दहा तास अंबरनाथ ते कर्जत लोकल बंद होत्या. सत्तरच्या वर लोकांना अटक झाली. माझ्या शेजारी उभं राहून ओरडणारा कॉलेजचा मुलगा त्यात होता की नाही, मला अजून माहीत नाही. मी घरी आलो म्हणून सुटलो, एवढाच आमच्यातला फरक.

पण त्या एका दिवसात काय काय झालं बघा. पोलीस अधिकाऱ्यांचं निलंबन झालं. विशेष तपास पथक झालं. सरकारी वकील म्हणून उज्ज्वल निकमांचं नाव जाहीर झालं. दुसऱ्याच दिवशी उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि पोलिसांना विचारलं की इतका उशीर का केला. आधीचे चार दिवस जे हललं नव्हतं ते दहा तासांत हललं.

म्हणजे गर्दीने काम केलं. हे नाकारण्यात अर्थ नाही. ज्यांनी घरात बसून "लोकांची गैरसोय झाली हो" म्हटलं त्यांना मी हेच सांगतो. गर्दी नसती तर आज तुम्हाला ही गोष्ट माहीतही नसती.

आणि नेमकी तीच खरी भीतीची गोष्ट आहे.

आमच्या धंद्यात याचं रोजचं उदाहरण आहे. सपोर्टचं तिकीट टाकायची एक यंत्रणा असते. ती नीट चालली नाही की लोक दोनच गोष्टी शिकतात. एक, ओळखीच्या इंजिनियरला थेट फोन करायचा. दोन, चाळीस जणांना कॉपीत घालून मोठ्या आवाजाची मेल टाकायची. दोन्हींनी काम होतं. आणि प्रत्येक वेळी काम झालं की तिकिटाची यंत्रणा आणखी थोडी मरते. भाऊंचा फोन हा पहिला मार्ग. रूळ हा दुसरा. दोन्ही मार्ग मी स्वतः वापरलेत, म्हणून ठामपणे सांगतो, ज्याच्याकडे ना भाऊ आहे ना दहा हजार माणसं, त्याच्यासाठी तिसरा मार्ग उरत नाही. बदलापूरच्या डोंगराकडेच्या कातकरी वाडीतली मुलगी. अंबरनाथच्या एमआयडीसीत कंत्राटावर असलेल्या बिहारी कामगाराची मुलगी. त्यांच्यासाठी कोण लोकल अडवणार आहे?

त्यात आणखी एक. कुळगाव-बदलापूर आणि अंबरनाथ नगरपालिकांची मुदत २०२० मध्ये संपली. निवडणुका झाल्या त्या थेट डिसेंबर २०२५ मध्ये. म्हणजे २० ऑगस्ट २०२४ ला आमच्या गावात रस्त्यावर अडवून जाब विचारायला एकही निवडून आलेला नगरसेवक नव्हता. प्रशासक होता. नगरसेवक फार थोर असतात असं नाही, पण निदान त्यांचं घर माहीत असतं. ते घरही नव्हतं. मग लोक स्टेशनवर गेले. गावात तेवढी एकच जागा अशी आहे की जिची दखल मुंबईला घ्यावीच लागते.

*

आता पेढ्याकडे येतो.

दादा झाला, गर्दी झाली. तिसरा मार्ग सरकारच वापरतं. झटपट निकाल. आरोपी मेला तेव्हा आम्हाला जे हवं होतं ते मिळालं असं वाटलं. "फाशी द्या" तर म्हणतच होतो, गोळी मिळाली. वाईट काय झालं?

एक तर, जे झालं ते कसं झालं याचंच उत्तर बिकट आहे. दोन दिवसांत उच्च न्यायालयाने पोलिसांच्या कहाणीवर शंका घेतली. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालात पाच पोलिसांना त्या मृत्यूसाठी जबाबदार धरलं गेलं. एप्रिल २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने या मृत्यूच्या तपासासाठी विशेष पथक नेमायला सांगितलं. अंतिम निवाडा न्यायालयच करील. पण "गोळी सुटली, प्रश्न मिटला" असं म्हणणाऱ्यांनी एवढं तरी बघावं.

दुसरं, आणि माझ्या दृष्टीने मोठं. खटला म्हणजे फक्त शिक्षा नसते. खटला म्हणजे लॉग. कोण कुठे होता, कुणाला केव्हा कळलं, कुणी काय दाबलं, हे सगळं साक्षीदारांच्या तोंडून, उलटतपासणीतून, कागदावर येतं. शाळेतलं सीसीटीव्हीचं काही दिवसांचं चित्रीकरण मिळत नाही असं मंत्र्यांनीच सांगितलं होतं. का मिळत नाही? मुलींच्या प्रसाधनगृहापाशी पुरुष कर्मचारी का होता? पालकांनी शाळेला सांगितलं तेव्हा शाळेने पोलिसांना का नाही कळवलं? पॉक्सो कायदा २०१२ चा आहे, त्यात कळवणं सक्तीचं आहे आणि न कळवणं हा गुन्हा आहे. या सगळ्या प्रश्नांच्या मधोमध जो माणूस उभा होता, तो आता कुठल्याच न्यायालयात तोंड उघडणार नाही. शाळेच्या पदाधिकाऱ्यांना अटक झाली तीही त्याच्या मृत्यूनंतर, ऑक्टोबरमध्ये. सर्व्हर पडल्यावर मशीन जाळून टाकलं तर आग सगळ्यांना दिसते, पण बिघाड कुठे होता ते कधीच कळत नाही. आणि उद्या दुसऱ्या मशीनवर तोच बिघाड येतो.

तिसरं त्याच्या दफनाचं. घरच्यांना जागा मिळेना. बदलापूरने नको म्हटलं, अंबरनाथने नको म्हटलं. शेवटी २९ सप्टेंबरला पोलीस बंदोबस्तात उल्हासनगरला पुरलं. सत्तर-पंच्याहत्तर वर्षांपूर्वी ज्यांना कुठेच जागा नव्हती त्यांच्यासाठी वसवलेल्या गावात. मला त्या माणसाबद्दल काडीची सहानुभूती नाही. पण त्याच्या आई-बापांवर कुठलाही आरोप नव्हता, आणि सहा दिवस ते प्रेत घेऊन जागा शोधत होते, आणि आम्ही तिन्ही गावं मिळून दारं लावत होतो. गर्दीला हे कळत नाही की कुठे थांबायचं. तिला थांबा नसतोच.

असं आपल्याकडे पहिल्यांदा झालं असंही नाही. १३ ऑगस्ट २००४ ला नागपूरच्या न्यायालयात कस्तुरबानगरच्या बायकांनी अक्कू यादव या गुंडाला ठार मारलं. वर्षानुवर्षं त्यांच्या तक्रारी कुणी घेतल्या नव्हत्या. त्या बायकांबद्दल मी चकार शब्द वाईट बोलणार नाही, त्यांनी काय सोसलं ते मला माहीत नाही. पण त्यानंतर वीस वर्षांनी, त्याच महिन्यात, त्याच राज्यात, पोलीस ठाण्याच्या बाकावर आई-बाप बारा तास बसलेच. म्हणजे धडा कुणी शिकलंच नाही. हैतीत एप्रिल २०२३ मध्ये राजधानीतल्या लोकांनी टोळीवाल्यांना पोलिसांच्या ताब्यातून ओढून रस्त्यात जाळलं, जगभर बातमी झाली, काही आठवडे टोळ्या दबल्याही. पुढच्या वर्षी त्याच टोळ्यांनी राजधानीचा बहुतेक भाग ताब्यात घेतला. गर्दी रात्री घरी जाते. टोळीला घरी जायचं नसतं.

*

"मग करायचं काय?" हा प्रश्न विचारून लेख संपवायची आपल्याकडे पद्धत आहे. मी जरा पुढे जातो, इंजिनियर असल्यामुळे खाज आहे.

परवा कपाट आवरताना त्या २००६ च्या एफआयआरची प्रत सापडली. पिवळी पडलीय. तुम्ही कधी एफआयआरचा फॉर्म नीट वाचलाय का? त्यात 'ठाण्यात माहिती मिळाल्याची तारीख व वेळ' असा रकाना असतो. माझ्या प्रतीत तिथे भाऊंनी फोन केला त्या दिवसाची संध्याकाळ आहे. त्याआधीचे तीन आठवडे त्या कागदावर नाहीतच. बरं, पुढे आणखी एक रकाना आहे, 'तक्रार देण्यास विलंब झाल्याची कारणं'. विलंब तक्रारदाराचा! माझ्या प्रतीत लिहिलंय, 'आजूबाजूस शोध घेतल्याने उशीर'. खाली माझी सही. पोलिसांनी किती उशीर केला, हा रकानाच फॉर्ममध्ये नाही.

म्हणजे यंत्रणा आपला वेळ मोजायला सुरुवात करते ती तिकीट स्वीकारल्यापासून. तुम्ही दारात किती वेळ उभे होता ते तिच्या लेखी घडलेलंच नाही. आमच्याकडे एखाद्या टीमने असा हिशेब दाखवला तर तिला पहिल्याच मीटिंगमध्ये पळवून लावतील.

कायद्यात काही कमी नाही हो. दखलपात्र गुन्ह्याची माहिती आली की एफआयआर नोंदवलाच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिताकुमारी खटल्यात १२ नोव्हेंबर २०१३ ला सांगितलं. पॉक्सोप्रमाणे मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे, पोलिसाने गणवेश न घालता घ्यायचा असतो, आणि मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवायचं नसतं. लैंगिक गुन्ह्याची तक्रार न नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याला तुरुंगवासाची तरतूद २०१३ पासून आहे. १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आली, हद्द कुठलीही असो तक्रार घ्यायची हे त्यात लिहूनच टाकलं. बदलापूरची घटना त्यानंतर सहा आठवड्यांनी घडली. नवा कायदा आणून उपयोग काय, दारात उभ्या माणसाची वेळच कुठे लिहिली जात नसेल तर?

आणि वेळ लिहायची सोय आहे! सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये सगळ्या पोलीस ठाण्यांत आवाजासकट सीसीटीव्ही बसवायला सांगितलंय. हिललाइन ठाण्यातल्या गोळ्या देशभर दिसल्या त्या कॅमेऱ्यामुळेच. आमदाराच्या पिस्तुलाची वेळ जो कॅमेरा सेकंदासकट सांगू शकतो, तो एखादी आई किती वाजता आत आली आणि किती वाजता एफआयआरची प्रत घेऊन बाहेर पडली ते सांगू शकत नाही का? प्रत्येक ठाण्याने दर महिन्याला एवढाच आकडा बाहेर फळ्यावर लावावा. आत आल्यापासून प्रत हातात पडेपर्यंत सरासरी किती तास. बदलापूर अमुक, अंबरनाथ तमुक, उल्हासनगर एवढे. फाशीची मागणी करताना आपला घसा सुकतो, ही मागणी करायला घसा लागत नाही. पण ती मोर्चात कुणी करत नाही, कारण तिच्यात मजा नाही. मीही त्या दिवशी रुळांवर "वेळ नोंदवा, वेळ नोंदवा" असं ओरडलो नाही.

फळा लागेपर्यंत आपल्या हातात एक आहे. ठाण्यात शिरलं की स्वतःच्या वहीत वेळ लिहायची. कुणाशी बोललो ते लिहायचं. नाही म्हणाले तर माहिती लिहून टपालाने वरच्या अधिकाऱ्याला पाठवायची, ती सोय कायद्यातच आहे. प्रत फुकट मिळते, ती मागायची. आणि ओळखीच्या कुणाला ठाण्यात जायचं असेल तर त्याच्याबरोबर जाऊन बाकावर बसायचं. भाऊंना फोन न करता. हे शेवटचं फार अवघड आहे. गेल्या वर्षी कामवाल्या मावशींबरोबर मी असा बसलो. पाच तास चाळीस मिनिटं. चौथ्या तासाला माझा अंगठा भाऊंच्या नंबरावर होता. मावशी म्हणाल्या, "दादा, तुम्ही जा, तुमचं ऑफिस आहे." मी फोन खिशात ठेवला. प्रत मिळाली. चहा मात्र मिळाला नाही. :)

आणि वेळेच्या रकान्यात? आम्ही आत आलो त्याच्या पाच तास नंतरची वेळ होती. मावशींनी अंगठा उठवण्याआधी मी ते बदलायला लावलं. हवालदाराने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच काहीतरी गुन्हा केलाय. पण बदललं.

मुलगी आता मोठी होतेय. तो पेढा कशाचा होता ते ती कधीतरी पुन्हा विचारील. तोपर्यंत मला तिला सांगण्यासारखं काहीतरी जमवायचंय. सध्या एवढंच आहे.

असो. चहा गार झाला.